सातवीच्या वर्गात मंगळुरूचा व्यापारी

मध्ययुगीन जग बारा वर्षांच्या मुलांना शिकवायचं म्हटलं की आपल्याला दोनच वाटा दिसतात. एक राजघराण्यांच्या यादीची, दुसरी युरोपातल्या किल्ल्यांची आणि धर्मयुद्धांची. तुम्ही महाराष्ट्रात शिकला असाल तर तुमच्या डोक्यातलं मध्ययुग म्हणजे बहुतेक शिवकाल आणि पेशवाई. बाकीचं जग त्यात येतं ते वखारी घालायला. मी तिसरी वाट सुचवते: एक माणूस घ्या आणि त्याच्या सामानाचा माग काढा.

माझा माणूस आहे अब्राहम बेन यिजू. ट्युनिशियातल्या महदिया गावचा ज्यू व्यापारी, एडनमार्गे मंगळुरूला आला आणि ११३२ ते ११४९ या काळात मुख्यतः मलबार किनाऱ्यावरच राहिला. त्याची पत्रं कैरोजवळच्या फुस्तातमधल्या सिनेगॉगच्या कोठीत सापडली. देवाचं नाव लिहिलेला कागद फाडायचा नाही, म्हणून तिथले लोक सगळेच जुने कागद एका खोलीत टाकत गेले. (रद्दी न विकण्याचे असेही फायदे!) १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातले जवळजवळ २ लाख तुकडे केंब्रिजला नेले. भाषा अरबी, लिपी हिब्रू.

मुलांना आधी फक्त याद्या द्या. एडनहून काय आलं? साखर, बेदाणे, चटया, कागद. मंगळुरूहून काय गेलं? मिरी, सुपारी, लोखंड. शिवाय बेन यिजूचा पितळी भांड्यांचा कारखाना होता. एडनचे लोक फुटकी भांडी पाठवून नवी घडवून मागत. मग विचारा, कागद भेट म्हणून का पाठवत असतील? इथे लिहिणं ताडपत्रावर चालायचं, हे मुलं थोड्या मदतीने स्वतःच काढतात. पत्राला उत्तर यायला किती दिवस लागत? इथे मोसमी वारे आपोआप येतात: जहाजं एका वाऱ्यावर येणार, उलट्या वाऱ्यावर जाणार, म्हणजे उत्तर बहुधा पुढच्या वर्षी. भूगोलाच्या तासाला पाठ केलेलं इथे कामाला येतं.

काळाची जोडणीही करून घ्या. ११४८ मध्ये सिसिलीच्या नॉर्मन राजाने, दुसऱ्या रॉजरने, महदिया घेतलं. ११४९ मध्ये एडनला परतलेला बेन यिजू पांगलेल्या भावंडांना पत्र लिहितो. त्याच सुमारास दुसरं धर्मयुद्ध संपत होतं, आणि पुढच्याच वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. आपले भास्कराचार्य ‘मध्ययुगीन’ आहेत हे ऐकून मुलं चमकतात. त्यांच्या मते ते ‘प्राचीन’.

आता अवघड भाग. ११३२ च्या एका दस्तात बेन यिजूने अशू नावाच्या दासीला मुक्त केल्याची नोंद आहे. त्याच्या मुलांची आई तीच असावी, असं संशोधक मानतात. शिवाय त्याच्या वतीने एडनला जाऊन व्यवहार करणारा बोम्मा, तोही गुलामच. हे सातवीत सांगायचं का? बरेच जण म्हणतील, नको. मसाले, जहाजं, सगळे धर्म गुण्यागोविंदाने, एवढं पुरे. मला ते पटत नाही. बोम्माला सोडलं तर व्यापार कसा चालायचा हेच कळत नाही.

मुलांच्या डोक्यातला गुलाम साखळदंडातला असतो. इथला गुलाम पैसे हाताळतो, समुद्र ओलांडतो, धन्याचे व्यापारी मित्र पत्रात त्याला सलाम कळवतात. मग लगेच शेवटच्या बाकावरून येतं, “म्हणजे तो सुखी होता ना?” तिथे घाईने हो म्हणू नका. त्यांना पत्रांचा गठ्ठा दाखवा आणि यातलं कुठलं पत्र कोणी लिहिलंय ते शोधायला सांगा. बेन यिजूची आहेत, एडनच्या व्यापाऱ्यांची आहेत. बोम्माच्या हातचं एकही नाही, अशूचंही नाही.