असईचे न मोजलेले घायाळ

जालना जिल्ह्यांत केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत असई हें लहानसें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व भोसले यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्लीची येथें गांठ पडली. इंग्रजांच्या यादींत त्यांचे ४२८ ठार, ११३८ जखमी व १८ बेपत्ता आहेत. हे आंकडे आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. परंतु जखमी कोणास म्हणावयाचें, हा प्रश्न आम्हांस फार उशिरां सुचला.

ज्याचें रक्त वाहिलें, तो जखमी. खुद्द वेलस्लीचा एक घोडा गोळीनें मेला व दुसऱ्यास भाला लागला. घोड्यासह कोसळून डोक्यावर आपटलेले स्वार किती असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. असा मनुष्य क्षणभर बेशुद्ध पडतो, भांबावतो आणि पुन्हां उठून चालूं लागतो. त्यास कोणत्याच रकान्यांत जागा नाहीं. पुढें तो विसराळू व चिडखोर झाला, तर घरचीं माणसें त्याच्या स्वभावासच बोल लावणार!

पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, चार्ल्स मायर्स यांनीं अशा सैनिकांची हकीकत ‘शेल शॉक’ या नांवाखालीं प्रसिद्ध केली. अंगावर जखम नाहीं, पण स्मृति व दृष्टि बिघडलेली! हा आघात मेंदूचा कीं मनाचा, यावर पुष्कळ वाद माजला. १९७४ सालीं ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनीं डोळे उघडणें, बोलणें व हालचाल यांस गुण देण्याची रीत घातली. पंधरांपैकीं तेरा किंवा अधिक गुण मिळाल्यास इजा ‘सौम्य’ समजतात.

परंतु ‘सौम्य’ हा शब्द पहिल्या कांहीं तासांचा आहे, पुढील आयुष्याचा नव्हे. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत बरे होतात. कित्येकांची डोकेदुखी, भोंवळ, निद्रानाश व चित्ताची चंचलता मात्र महिनोन्‌महिने सरत नाहीं. सी. टी. स्कॅन निर्दोष निघाला तरी हें घडतें. म्हणून शुद्ध किती वेळ हरपली, आघाताच्या आगचेंमागचें काय आठवत नाहीं, हें विचारावें. आणि महिन्यानें पुन्हां, घरच्या माणसांसही, विचारावें.

आज भोकरदनच्या रस्त्यावर कोणी मोटारसायकलीवरून पडतो. रक्त नाहीं, म्हणून ‘थोडक्यांत निभावलें’ असें आपण म्हणतों. असईच्या यादीनेंही तेंच म्हटलें होतें.