घरबसल्या परदेशातून माल आणून विकायचाय? पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

लवळे (ता. मुळशी) : आपल्याकडं टेकडीवर सिंबायोसिस, फ्लेमसारखी विद्यापीठं आहेत, त्यामुळं कुरिअरच्या गाड्या रोजच्याच झाल्यात. त्या बघून पोरांच्या डोक्यात एक धंदा घोळतोय. चीनमधून स्वस्तात माल मागवायचा, घरातल्या एका खोलीत ठेवायचा आणि मोबाईलवरून विकायचा. धंदा वाईट नाही. पण बरेच जण आधी पैसे पाठवतात आणि मग विचारतात, "कागद काय काय लागतात?" इथंच गणित चुकतं. माल कस्टममध्ये अडकला तर पाठवलेले पैसे परत येत नाहीत. म्हणून क्रम नीट समजून घ्या.

१. तो माल आणता येतो का?

सगळ्यात आधी हेच बघायचं. फवारणीचं तयार ड्रोन बाहेरून आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी तेवढी सूट आहे, विक्रीसाठी नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तो परवाना परदेशातल्या कारखान्यानं घ्यायचा असतो, तुम्हाला इथं बसून काढता येत नाही. पॉवर बँक, चार्जर, ब्लूटूथ स्पीकर यांनाही बीआयएस नोंदणी लागते. क्रीम-पावडरला केंद्रीय औषध नियंत्रकांकडची नोंदणी आणि खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना लागतो. बी-बियाणं आणि रोपांना परवाना व रोग-किडीची तपासणी लागते. ती पार्सलनं परस्पर मागवू नका.

"गिफ्ट लिहून पाठवतो" असं विकणारा म्हणाला तर सरळ नाही म्हणा. डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून माल आणणं बंद आहे. फक्त जीव वाचवणारी औषधं आणि राख्या चालतात.

२. आयईसी नंबर

विक्रीसाठी माल आणायचा तर आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी लागतो. अर्ज डीजीएफटीच्या वेबसाइटवर ऑनलाइन होतो, सरकारी फी ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँक खातं लागतं. तुमचा पॅन नंबर हाच आयईसी नंबर असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अपडेट करावा लागतो. काही बदल नसला तरी करायचा, नाहीतर नंबर बंद पडतो.

३. जीएसटी

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण दुसऱ्या राज्यात माल विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय ऑनलाइन कंपन्यांवर विकता येतं, पण फक्त आपल्या राज्यात आणि पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन. नोंदणीला सरकारी फी नाही.

पत्त्यासाठी लाईट बिल किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा चालतो. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. नोंदणी झाली की वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर येतो. विक्री नसली तरी रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर लेट फी चढत जाते.

४. खरा खर्च किती?

समजा माल, भाडं आणि विमा मिळून ६०,००० रुपये झाले. मूळ ड्युटी १० टक्के धरली तर ६,०००. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ६००. झाले ६६,६००. त्यावर १८ टक्के आयजीएसटी ११,९८८. एकूण कर १८,५८८ रुपये. म्हणजे ६० हजारांचा माल ७८,५८८ ला पडला. जीएसटी नोंदणी असेल तर ते ११,९८८ पुढच्या करात वळते होतात. नसेल तर खिशातून गेले. हे दर फक्त उदाहरणासाठी आहेत. प्रत्येक वस्तूचा दर तिच्या एचएसएन कोडवर ठरतो, तो आधी काढून घ्या.

५. पैसे बँकेतूनच

पैसे पाठवताना बँकेला बिल दाखवा. माल सुटल्यावर कस्टमचं 'बिल ऑफ एंट्री' मिळतं, तेही बँकेत नोंदवावं लागतं. ओळखीच्या माणसाच्या खात्यातून किंवा एजंटला रोख देऊन पैसे पाठवले तर फेमा कायद्याचा भंग होतो.

६. पाकिटावर काय हवं?

आणणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल, एमआरपी, नग किंवा वजन, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर. पॅकबंद माल आणणाऱ्याला वैध मापन कायद्याखाली ९० दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो.

७. आयकर आणि पीएम किसान

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, या धंद्याचं नाही. सात-बारा नावावर आहे म्हणून हा नफा शेतीत दाखवू नका. छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, ऑनलाइन जमा रकमेवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरायची सोय आहे.

आता घरात सगळ्यांनी बसून बोलायची गोष्ट. मागच्या कर-आकारणी वर्षात आयकर भरलेलं कुटुंब पीएम किसानला अपात्र ठरतं, आणि नमो शेतकरीचा हप्ताही त्यालाच जोडलेला आहे. लाडकी बहीण योजनेतही घरात आयकर भरणारा असेल किंवा कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर पैसे बंद होतात. नुसतं रिटर्न भरलं म्हणजे कर भरला असं नव्हे, पण नफा वाढला की हे हप्ते जाणार हे आधीच धरून चाला.

म्हणून पहिल्या खेपेला थोडाच माल मागवा. त्याआधी वस्तूचं नाव आणि एचएसएन कोड कागदावर लिहून कस्टम ब्रोकर किंवा सीएला दाखवा. त्याची फी अडकलेल्या मालापेक्षा स्वस्त पडते.