शास्त्रीय संगीताचे ध्वनिसंक्षेपण

शास्त्रीय संगीताचे ध्वनिसंक्षेपण म्हणजे ध्वनिमुद्रित शास्त्रीय संगीताची अंकीय संचिका मोबाइल किंवा खिशात बाळगता येणाऱ्या अन्य वादनयंत्रावर साठवण्यासाठी लहान करण्याची प्रक्रिया. संगीताचा प्रकार, उपकरणाची साठवणक्षमता आणि ऐकण्याची परिस्थिती यांनुसार संचिकेचा प्रकार व बिटरेट निवडावा लागतो. मोठा व लहान आवाज यांतील अंतर कमी करण्याच्या क्रियेलाही तंत्रज्ञ ‘कॉम्प्रेशन’ असेच म्हणतात. ती क्रिया सर्वस्वी वेगळी आहे.

पार्श्वभूमी

कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक वाहिनीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. दोन वाहिन्या मिळून हा दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट होतो. २००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडची क्षमता ५ गिगाबाइट होती. असंक्षेपित स्वरूपात त्यात जेमतेम आठ तासांचे संगीत मावले असते.

संक्षेपण दोन प्रकारचे असते. फ्लॅक (२००१) व अ‍ॅपलचे अलॅक (२००४) हे हानिविरहित प्रकार आहेत. त्यांतून मूळ ध्वनी बिटन् बिट परत मिळतो, पण संचिका साधारणतः मूळच्या निम्म्याच्या आसपासच उतरते. एमपी३, एएसी, व्हॉर्बिस व ओपस हे हानियुक्त प्रकार होत. मोठ्या स्वरामागे झाकला जाणारा लहान स्वर कानाला ऐकू येत नाही, या तत्त्वावर ते माहितीचा काही भाग कायमचा वगळतात. १९२ किलोबिटच्या एमपी३ला तासाला सुमारे ८६ मेगाबाइट लागतात.

शास्त्रीय संगीतातील अडचणी

चित्रपटगीतात वाद्यमेळ दाट असल्याने लहानसहान दोष झाकले जातात. ख्यालाच्या आलापात मात्र तानपुरा, कंठ आणि मधली शांतता एवढेच असते. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावलेली असल्याने तारेतून असंख्य उपस्वर उमटतात व ते सतत सरकत राहतात. कमी बिटरेटवर या झंकाराला पाण्याखालून आल्यासारखा, खळखळता पोत येतो. संक्षेपण पारखायचे असेल तर गायकाच्या तानेपेक्षा मागच्या तानपुऱ्याकडे कान द्यावा लागतो.

दुसरी अडचण आघाताची. एमपी३मध्ये ध्वनीचे १,१५२ नमुन्यांच्या, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या चौकटींत विभाजन होते. संतूरच्या कलमांचा किंवा तबल्यावरील ‘ना’चा आघात मध्येच आला, तर संक्षेपणातील त्रुटी आघाताच्या आधीच्या शांततेतही पसरते. यास पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. संक्षेपक अशा ठिकाणी लहान खंड वापरतो, परंतु त्यांना अधिक बिट लागतात. पाश्चात्त्य संगीतात हार्पसिकॉर्ड आणि कॅस्टनेट ही वाद्ये याच कारणासाठी चाचणीस वापरली जातात.

तिसरी अडचण खंडाची. एमपी३ संक्षेपक संचिकेच्या आरंभी व शेवटी थोडी शांतता मिसळतो. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होताना तानपुरा अखंड चालू असतो. दोन्ही भाग वेगळ्या संचिकांत असल्यास त्याच जागी झटका ऐकू येतो. वाग्नरच्या ‘दास राइनगोल्ड’सारख्या, मध्यंतराविना चालणाऱ्या ऑपेरातही असेच घडते. लेम हा संक्षेपक या शांततेची नोंद संचिकेत ठेवतो, मात्र ती वाचणारे वादनयंत्र हवे.

बिटरेटची निवड

स्थिर बिटरेटपेक्षा परिवर्ती बिटरेट बहुधा श्रेयस्कर ठरतो, कारण त्यात आलापाच्या शांत भागात वाचलेले बिट झाल्यात खर्च करता येतात. लेममध्ये ‘व्ही२’ ही पातळी सरासरी १९० आणि ‘व्ही०’ ही सुमारे २४५ किलोबिट देते. प्रवासात ऐकण्यासाठी ‘व्ही२’ पुरेशी असते. १२८ किलोबिटच्या एमपी३त साधारणतः १६ ते १७ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर कापले जातात. साठी ओलांडलेल्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना ते तसेही ऐकू येत नाहीत, परंतु तानपुऱ्याची खळखळ त्यांनाही जाणवते.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रण एकवाहिनी असते. ते एकाच वाहिनीत साठवल्यास निम्मे बिट पुरतात. या तबकड्यांतील सुईची खरखर मात्र संक्षेपणास कठीण असते, त्यामुळे परिवर्ती बिटरेटमध्ये तिच्यावर पुष्कळ बिट वाया जातात.

फरक खरोखर ऐकू येतो की केवळ भासतो, हे ठरवण्यासाठी एबीएक्स ही अंध चाचणी करतात. १६ पैकी किमान १२ वेळा अचूक ओळख निव्वळ अंदाजाने पटण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. एवढी कसोटी न लावता केलेले दावे फारसे विश्वसनीय नसतात. ब्ल्यूटूथ हेडफोन वापरताना ध्वनीचे बहुधा आणखी एकदा हानियुक्त संक्षेपण होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

आवाजाची पातळी

बसच्या घरघरीत मंद्र सप्तकातील आलाप बुडतो आणि आवाज वाढवला तर तराणा कानठळ्या बसवतो. रिप्लेगेन या पद्धतीत मूळ ध्वनी न बदलता वादनाची पातळी ठरवणारी नोंद संचिकेत केली जाते. एका रागाच्या सलग भागांना ‘अल्बम’ नोंद लावावी. प्रत्येक भागाला स्वतंत्र नोंद लावल्यास विलंबित व द्रुत यांच्या आवाजातील मूळ प्रमाण बिघडते.

मूळ प्रतीचे जतन

खाजगी मैफलींची अनेक ध्वनिमुद्रणे केवळ कॅसेटवर किंवा स्पूलवर आहेत आणि चुंबकीय फीत कालांतराने खराब होते. अशी फीत थेट एमपी३त उतरवून टाकून दिल्यास वगळलेला भाग कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. एमपी३वरून पुन्हा एएसी केल्यास दोन्हींचे दोष एकत्र येतात. एमपी३चे फ्लॅकमध्ये रूपांतर केल्यास केवळ आकार वाढतो. त्यामुळे मूळ प्रत फ्लॅकमध्ये करून किमान दोन ठिकाणी ठेवतात आणि मोबाइलसाठीची लहान प्रत तिच्यावरून, हवी तेव्हा नव्याने, तयार करतात.