सासवन्याचे करमरकर आणि घरी राहिलेलं काम

भिवंडीहून ठाणे, पनवेल मागे टाकून दक्षिणेला निघालं की आधी पेण लागतं. गणेशोत्सवाला कित्येक महिने असतानाच तिथल्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. वडखळला अलिबागचा फाटा धरायचा आणि अलिबागहून रेवसच्या दिशेला वळायचं. चोंढी, किहीम, आवास ही नारळी-पोफळीची गावं ओलांडली की मांडव्याच्या अलीकडे सासवने येतं. मुंबईकर गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरून इथे पोहोचतात. रस्त्यालगतच ‘करमरकर शिल्पालय’ आहे. एकाच कलावंताला वाहिलेलं असं संग्रहालय महाराष्ट्रात विरळाच, आणि तेही शहरात नाही, तर तो जिथे जन्मला त्या खेड्यात.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891चा. घरात गणपती घडवले जात, त्यामुळे मातीशी हाताची ओळख लहानपणीच झाली. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं. एखाद्या साहेबाने कौतुकाचे दोन शब्द बोलून घोडा पुढे हाकला असता. रॉथफिल्ड यांनी मात्र मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची सोय केली. पुढे करमरकर कोलकात्याला गेले, ठाकूर कुटुंबाच्या सहवासात आले, नाव कमावलं आणि 1920च्या सुमारास लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेले.

त्या काळी मुंबईतले मोठे पुतळे बहुतेक विलायतेहून येत. काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही बोएम या लंडनमधल्या शिल्पकाराचा. पुण्यात शिवाजी महाराजांचं स्मारक उभारण्याचा ध्यास राजर्षी शाहू महाराजांनी घेतला आणि 1921 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. पुतळ्याचं काम अखेर करमरकरांकडे आलं आणि जून 1928मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं. सुमारे 13.5 फूट उंचीचा हा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा मुंबईत माझगावला ओतला गेला, तोही एकसंध. एवढं मोठं ओतकाम आपल्या माणसाच्या हातून, आपल्याच देशात होऊ शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रीपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

पण शिल्पकाराचं असं काम त्याच्याजवळ राहत नाही. भिवंडीच्या मागावरचं कापड जसं तागे बांधून गावाबाहेर जातं आणि विणणाऱ्याकडे त्यातलं वीतभरही उरत नाही, तसंच हे. पुतळा चौकात जातो, अर्धपुतळा सभागृहात किंवा एखाद्या दिवाणखान्यात. मग सासवन्याच्या घरात दीडशेच्या आसपास शिल्पं राहिली कशी?

याचं उत्तर माध्यमात आहे. ब्राँझचा पुतळा आधी मातीत घडतो. लोखंडी सांगाड्यावर ओली माती चढवायची, ती कोरायची, पुन्हा भरायची. मग त्यावरून साचा घ्यायचा आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये प्रतिकृती काढायची. धातूचं ओतकाम त्यानंतरचं. ते ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे जातं, प्लॅस्टरची प्रत मात्र शिल्पकाराच्या कार्यशाळेत राहू शकते. दुसरी गोष्ट सिमेंटची. संगमरवर आणि ब्राँझ महाग, कोणी काम सांगितल्याशिवाय परवडत नाही. करमरकरांनी सिमेंट काँक्रीट हाताशी धरलं आणि ज्या विषयांना गिऱ्हाईक नव्हतं ते त्यात घडवले.

शिल्पालयाच्या अंगणातली म्हैस त्यातलीच. रवंथ करता करता विसावलेली, अंगाचा सगळा भार जमिनीवर टाकलेली. पाठीचा कणा, पोटाचा फुगवटा, दुमडलेले पाय हे सारं इतकं नेमकं, की कोकणातल्या कुठल्याही गोठ्यातून ती उठून आली असावी. म्हशीचं स्मारक कोणतीही समिती उभारत नाही. ती घडवली गेली ती करमरकरांना घडवावीशी वाटली म्हणून. ‘मत्स्यगंधा’ ही कोळी तरुणी, कष्टाची माणसं, घरातली माणसं यांचंही तसंच. ‘शंखध्वनी’ या शिल्पाला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुण्याच्या पुतळ्यात करमरकरांचं सामर्थ्य दिसतं. त्यांना जवळचं काय वाटत होतं, ते सासवन्यातच कळतं.

असं मागे उरलेलं काम जपायचं कोणी, हा पुढचा प्रश्न. ओगस्त रोदँ या फ्रेंच शिल्पकाराने 1916 साली आपलं काम सरकारला दिलं आणि 1919मध्ये पॅरिसला त्याचं संग्रहालय उघडलं. फ्रान्समध्ये कलावंताच्या मागे शासन उभं राहिलं. महाराष्ट्रात असं उदाहरण कोल्हापूरचं. चित्रपटात शिवछत्रपती साकारणारे चंद्रकांत मांढरे हे बाबूराव पेंटरांच्या छायेत वाढलेले चित्रकार. त्यांनी राजारामपुरीतलं आपलं राहतं घर चित्रांसह राज्य शासनाच्या स्वाधीन केलं. तिथली निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची कामं पाहिली की पडद्यावरच्या रुबाबदार नटामागचा शांत, चिकाटीचा चित्रकार भेटतो. सासवन्याची गोष्ट वेगळी. 1967 साली करमरकर गेले आणि त्यानंतर शिल्पालय सांभाळलं ते कुटुंबाने.

हे सांभाळणं सोपं नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा कोकणी पाऊस सिमेंटच्या बारीकशा भेगेतून आतल्या लोखंडापर्यंत पोहोचतो. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचा थर फोडून टाकतं. प्लॅस्टर तर ओल सहनच करत नाही. म्हणून अशा संग्रहाला प्रत्येक शिल्पाची नोंद, छायाचित्रं आणि जाणकार हातांची डागडुजी सतत लागते. एका घराच्या जोरावर हे किती पिढ्या चालावं, याचा विचार महाराष्ट्राने करायला हवा.

त्याची सुरुवात शाळांपासून करता येईल. भिवंडी-ठाण्यातली असंख्य मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्र आणि स्मरणचित्राचा सराव वर्गाच्या चार भिंतींत होतो, खरं शिल्प चहूबाजूंनी फिरून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. सासवन्याची सहल एका दिवसात होते. कलाशिक्षकांनी मुलांना तिथे न्यावं, वाटेत पेणच्या एखाद्या कारखान्यात मूर्ती घडताना दाखवावी आणि मग त्या म्हशीसमोर वही-पेन्सिल देऊन तासभर बसवावं.