इंजिनचं जुनं गॅस्केट कसं काढायचं? धातूला ओरखडा न पाडता

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या काळात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी शाकारलेल्या असतात आणि इंजिनची कामं निघतात. हेड उघडलं की जुनं गॅस्केट काढावंच लागतं. हे काम घाईत झालं तर त्याचा हिशेब ऑगस्टमध्ये भर समुद्रात द्यावा लागतो. बाईकच्या इंजिनलाही हीच पद्धत लागू पडते, म्हणून ती नीट समजून घेऊया.

गॅस्केट काय करतं?

इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड. या दोघांमध्ये गॅस्केट दाबून बसवलेलं असतं. आपल्याकडे बरेच जण त्याला 'पॅकिंग' म्हणतात. जळणाऱ्या वायूचा दाब, ऑइल आणि थंड करणारं पाणी एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. धातूवर खोल ओरखडा असेल तर नवं, महागडं गॅस्केट टाकूनही तिथून गळती होऊ शकते.

आधी धातू ओळखा

बोटीच्या डिझेल इंजिनचं हेड बहुधा बिडाचं असतं, बाईकचं ॲल्युमिनियमचं. बीड कडक आणि ॲल्युमिनियम मऊ. लोखंडी पात्याचा कोपरा लागला तरी ॲल्युमिनियमवर चर पडते. म्हणून माझा नियम सरळ आहे: हत्यार धातूपेक्षा मऊ हवं. ॲल्युमिनियमला प्लास्टिकचा स्क्रेपर. बिडाला पितळेचा चालतो, किंवा धारदार सपाट पातं अगदी आडवं धरून.

स्टेप बाय स्टेप

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. फोनवर प्रत्येक पाइप, वायर आणि बोल्टचा फोटो काढून ठेवा.

२. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून ढिले करा. एकदम सोडले तर हेड वाकू शकतं. नक्की क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

३. हेड चिकटलं असेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके द्या.

४. सिलिंडर, ऑइल आणि पाण्याची भोकं स्वच्छ फडक्यांनी बंद करा. फडकी मोजून ठेवा.

५. गॅस्केट रिमूव्हर स्प्रे मारून डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. मोबाईल रिपेअरवाला स्क्रीन काढताना आधी गोंद गरम करून मऊ करतो, मगच प्लास्टिकची पट्टी घालतो. इथेही तसंच. स्प्रे कातडी आणि रंग दोन्ही जाळू शकतो, म्हणून हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच.

६. स्क्रेपर आडवा धरून हळूहळू खरवडा. नाही निघालं तर जोर वाढवू नका, पुन्हा स्प्रे मारा.

ग्राइंडरचा मोह टाळा

ड्रिलला घासणारी चकती लावली की काम पाच मिनिटांत होतं, पण धातूही कमी-जास्त झिजून खड्डे पडतात. दुसरा धोका त्याहून मोठा. अशा अनेक चकत्यांमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. कडकपणाच्या मोह्स मापावर हिरा १०, तर हे ९. याची धूळ ऑइलमध्ये गेली की बेअरिंग खाऊन टाकते. जनरल मोटर्सने तर आपल्या मेकॅनिकना लेखी सूचना देऊन अशा चकत्या वापरू नका असं सांगितलं आहे.

जुन्या इंजिनच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ते ओलं ठेवूनच खरवडा, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका.

फोनच्या टॉर्चने तपासणी

टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडा. वरून न दिसणारे ओरखडे सावलीमुळे लगेच दिसतात. मग सरळ स्टीलची पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांना ठेवून खालून फीलर गेज जातं का बघा. बऱ्याच बाईकच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिमी असते, म्हणजे साध्या झेरॉक्स कागदाच्या जाडीच्या जवळपास निम्मी. फट जास्त निघाली तर हेड मशीन शॉपमध्ये द्या.

बसवण्याआधी

बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. भोकं कोरडी करा. कोकणातल्या पावसाळी, खाऱ्या हवेत उघडं बीड एका रात्रीत गंजतं. काम उद्यावर गेलं तर ऑइलचा पातळ हात फिरवा आणि नवं गॅस्केट ठेवण्याआधी तो पूर्ण पुसून काढा. शेवटी फडकी मोजा. जितकी घातली तितकीच बाहेर आली, तरच हेड खाली ठेवा.