ऑइल ‘पिणारी’ स्पोर्ट्स कार : माझदा आरएक्स-८चे इंजिन आणि त्याची निगा

मोटारीच्या इंजिनातील ऑइल दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान कमी होऊ लागले, की मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या’ किंवा ‘व्हॉल्व्हचे सील गेले’ असे निदान गॅरेजमध्ये होते आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ते बरोबरही असते. माझदा आरएक्स-८ या जपानी स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र ते लागूच पडत नाही, कारण तिच्या इंजिनात पिस्टनही नाहीत आणि व्हॉल्व्हही नाहीत. महाराष्ट्रातील वाचकांना माझदा हे नाव आठवते ते ‘स्वराज माझदा’च्या मिनीबस आणि टेम्पोंमुळे. जगभरातील मोटारशौकिनांच्या लेखी मात्र ही कंपनी म्हणजे रोटरी इंजिनाचे माहेरघर होय.

आरएक्स-८ ही गाडी २००३ मध्ये बाजारात आली आणि २०१२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या ‘रेनेसिस’ इंजिनाला २००३ चा ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताब मिळाला होता. आता ही गाडी केवळ जुन्या मोटारींच्या बाजारातच मिळते. देखणे रूप आणि तुलनेने कमी किंमत यांना भुलून ती घेणाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो ऑइलचा.

त्रिकोणी रोटरची करामत

जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून आलेले रोटरी इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत प्रथम फिरले. माझदाने ही कल्पना परवान्याने घेतली आणि केनिची यामामोटो यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ती तडीस नेली. १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही दोन रोटरची मोटार विक्रीला आली. १९९१ मध्ये चार रोटरच्या ‘७८७बी’ने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

या इंजिनात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोलासारख्या पोकळीत फिरतो. त्याची तीन टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत जातात. प्रत्येक टोकावर धातूची एक अरुंद पट्टी बसवलेली असते, तिला ‘एपेक्स सील’ म्हणतात. पेटलेल्या मिश्रणाचा दाब रोखण्याचे काम हीच पट्टी करते. आरएक्स-८चे इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाते. एवढ्या वेगात ही पट्टी कोरडी घासली गेली, तर ती आणि भिंत दोन्ही झिजणार हे उघड आहे.

म्हणूनच या इंजिनाला एक छोटा मोजणी पंप जोडलेला आहे. तो तळाच्या टाकीतील ऑइल घेऊन थेंबाथेंबाने थेट रोटरच्या पोकळीत सोडतो. इंजिनाचा वेग आणि भार पाहून किती ऑइल सोडायचे ते संगणक ठरवतो. हे ऑइल सीलला वंगण देते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. थोडक्यात, या गाडीत ऑइलचे जळणे हा दोष नसून तीच रचना आहे.

ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पेट्रोल पंपावर ‘टू-टी’ ऑइल मिसळून घेताना ‘गाडी ऑइल खाते’ अशी तक्रार कोणी केली नाही. यामाहा आरएक्स १०० मध्ये तर ऑइलची वेगळी टाकी आणि पंपही होता. रोटरी इंजिनातील तत्त्व बरेचसे तेच आहे. फरक एवढाच, की येथे वेगळी टाकी नाही. बेअरिंगना जे ऑइल वंगण देते, तेच खर्चीही पडते. त्यामुळे दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण इंजिनच धोक्यात येते.

किती खर्च स्वाभाविक?

साधारणपणे दीड ते अडीच हजार किलोमीटरमागे एक लिटर ऑइल लागणे या गाडीत स्वाभाविक मानले जाते. वेगात चालवणाऱ्याला अधिक, तर सावकाश चालवणाऱ्याला कमी लागते. मात्र एक लिटर हजार किलोमीटरही पुरत नसेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

याहून महत्त्वाची बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. हजारो किलोमीटर चालूनही ऑइलची पातळी जराही खाली येत नसेल, तर समाधान मानण्याचे कारण नाही. मोजणी पंप बंद पडला असेल किंवा ऑइलच्या नळ्या तुंबल्या असतील, तर सील कोरडी फिरत असतात. इतर गाड्यांत जे तब्येतीचे लक्षण, तेच येथे आजाराचे असू शकते. २००९ च्या सुधारित मॉडेलमध्ये कंपनीने प्रत्येक रोटरच्या पोकळीत ऑइल सोडणारी दोनऐवजी तीन तोंडे दिली, यावरूनच या वंगणाचे महत्त्व लक्षात यावे. त्यापूर्वी २००४ ते २००८ च्या मॉडेलांसाठी अमेरिकेत इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षे अथवा एक लाख मैलांपर्यंत वाढवण्यात आली होती.

खर्च वाढण्याची कारणे

पहिला संशय गळतीवर घ्यावा. पुढच्या बंपरमागे असलेले ऑइल कूलर आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्या गंजतात. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकणाऱ्या देशांत ही तक्रार अधिक आढळते. दुसरे कारण म्हणजे ऑइल गरजेपेक्षा जास्त भरणे. कमाल खुणेच्या वर भरलेले ऑइल वाफांच्या नळीतून हवेच्या मार्गात शिरते आणि जळते. तिसरे कारण गंभीर आहे. रोटरच्या दोन्ही बाजूंना असलेली ऑइल रोखणारी कडी झिजली, की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. तो विशेषतः गाडी बराच वेळ उभी राहिल्यानंतर सुरू करताना दिसतो. सतत पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर दोष ऑइलचा नसून पाण्याच्या सीलचा असतो.

इंजिनाची ताकद तपासताना साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नये. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यातील सर्वोच्च आकडाच दाखवतो. एक बाजू निकामी झाली असली, तरी आकडा चांगला दिसतो. तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा नोंदवणारे उपकरण असलेल्या गॅरेजमध्येच ही तपासणी करावी. तापलेले इंजिन पुन्हा सुरू होण्यास कुरकुरत असेल, तर ही तपासणी लांबणीवर टाकू नये.

मालकाने काय करावे?

एकाआड एक पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहण्याची सवय लावावी. गाडी सपाट जागी उभी करून, तापलेले इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटे थांबावे आणि मगच पातळी पाहावी. पातळी कमाल खुणेच्या जवळ ठेवावी, त्यावर नेऊ नये. केव्हा आणि किती ऑइल घातले, ते किलोमीटरसह वहीत लिहावे. खर्च वाढला की घटला हे आठवणीवरून नव्हे, तर या नोंदींवरूनच कळते. कंपनीने सांगितलेल्या दर्जाच्या ऑइलची बाटली डिकीत असावी.

थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत बंद करणे टाळावे. थंड असताना इंजिनात पेट्रोल जास्त जाते. ते भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन नेते आणि प्लग ओले होऊन गाडी सुरू होत नाही. इंजिन पूर्ण तापल्यानंतर अधूनमधून त्याला वरच्या वेगात फिरू द्यावे, म्हणजे साचलेला कार्बन निघण्यास मदत होते. थंड इंजिन मात्र कधीही पिळू नये.

जुनी आरएक्स-८ घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की तिचे इंजिन नव्याने बांधण्याचा खर्च प्रसंगी गाडीच्या किमतीच्याही पुढे जातो. त्या तुलनेत एक लिटर ऑइल आणि पाच मिनिटांची तपासणी हा सौदा स्वस्तच म्हणायचा. विक्रेता ‘ही गाडी थेंबभरही ऑइल खात नाही’ असे अभिमानाने सांगू लागला, तर खरेदीदाराने तेथेच सावध व्हावे.