रस्ता कुणाचा?

नात पुण्याला शिकते. शाळेतून तिला एक प्रकल्प मिळालाय, विषय 'रस्ता कुणाचा?' परवा फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवायचात ना, मग सांगा." आता फोनवर किती सांगणार? म्हटलं, लिहूनच काढतो. तिचं काम होईल आणि तुम्हा मंडळींनाही वाचता येईल.

सुरुवात घरापासून करू. आमच्या आरे-वाऱ्याकडे वाडीतल्या घरांना जोडणारी वाट म्हणजे पाखाडी. जांभ्याचे दगड बसवलेली, चढावर पायऱ्या असलेली. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं जरा अंग चोरायचं, एवढीच रुंदी. पण गडग्याला टेकून तासभर बोलत उभं राहिलं तरी "बाजूला व्हा" असं कुणी म्हणत नसे. वाट चालण्यासाठी होती आणि थांबण्यासाठीही. आता समुद्राच्या कडेनं रत्नागिरी-गणपतीपुळे रस्ता आहे. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागली की तो ओलांडायला आम्ही म्हातारी माणसं कडेला उभी राहतो. रस्ता आला याचा आनंद आहेच. एसटी दारात आली, दवाखाना जवळ आला. पण थांबायची जागा गेली, हेही खरं.

पुण्याच्या पेठांचं वेगळं काय झालं? पेठा वसल्या तेव्हा माणूस पायी चालायचा. फार तर घोडा, पालखी, बैलगाडी. बोळ त्या मापाचे होते. पुढे शहर वाढलं, मोठे रस्ते झाले. त्यातला लक्ष्मी रस्ता सगळ्यांना ठाऊक. दगडूशेठ हलवाई यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचं नाव या रस्त्याला आहे. सोनं, साड्या, लग्नाचा बस्ता, सगळं तिथंच. अनंत चतुर्दशीला मानाचे पाच गणपती याच रस्त्यानं जातात. म्हणजे वर्षातून एकदा हा रस्ता पूर्णपणे माणसांचा होतो, आणि त्यानं शहर काही बंद पडत नाही!

इथं एक गोष्ट नातीनं मुद्दाम लिहून घ्यावी. पूर्वी पुण्याची भाजी मंडई शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायची. तिच्यासाठी भव्य इमारत बांधायचं ठरू लागलं तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. १८७६ ते १८८२ ते सदस्य होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घालावा, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. १८८६ साली ती सुरू झाली, तिला गव्हर्नर रे यांचं नाव दिलं गेलं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. पण जोतीरावांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सार्वजनिक पैसा नेमका कुणासाठी?

हाच प्रश्न मला ११ डिसेंबर २०२१ ला आठवला. त्या दिवशी पुणे महापालिकेनं 'पादचारी दिन' पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद केला. आम्ही तेव्हा लेकीकडे होतो. आमच्या सौ.नं लक्ष्मी रस्त्यावर जाणं सोडलं होतं. काही वर्षांपूर्वी गर्दीत एका दुचाकीचं हँडल तिच्या हाताला लागलं, बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. तो थांबलाही नाही. त्या दिवशी लेकीनं आग्रह केला म्हणून आली. आधी सवयीनं कडेकडेनं चालली. मग हळूहळू रस्त्याच्या मधोमध आली. एका ठिकाणी बसायची सोय दिसली तशी बसली आणि म्हणाली, "इथं आवाज ऐकू येतायत हो माणसांचे."

दुकानदारांची कुरकूर होतीच. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येईल का, ही त्यांची भीती. ती खोटी नाही, पोट त्यावर आहे. पण १९६२ साली कोपनहेगनमध्ये स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा केला तेव्हा तिथले व्यापारीही हेच म्हणत होते. आज तो त्या शहरातला सर्वांत गजबजलेला बाजार आहे. आपल्याकडे दिल्लीचा चांदनी चौक घ्या. शहाजहानची मुलगी जहाँआरा हिनं सतराव्या शतकात तो आखला, मधून कालवा वाहायचा. पुढे कालवा गेला, ट्राम आली, ट्राम गेली, मोटारी आल्या. २०२१ मध्ये त्याची नव्यानं मांडणी झाली. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत दिवसा मोटारींना बंदी घालून चालायला जागा केली.

तरी एक भीती मला वाटते. रस्ता सुंदर करायचा म्हणजे रंगीत फरशा, शोभेचे दिवे, आणि आधी उचलायची ती फेरीवालीची टोपली, असं झालं तर जोतीराव आजही विरोधच करतील. पण सपाट पदपथ, दहा पावलांवर बाक, सावली, म्हातारीला न घाबरता ओलांडता येईल असा चौक, ही चैन नव्हे. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यासाठी पालिकेनं करायचा तो पहिला खर्च आहे. शाळेइतकाच.

तर बाळा, उत्तर मी देत नाही, मास्तरकी सुटत नाही म्हण हवं तर. एखाद्या रविवारी बाबांना घेऊन लक्ष्मी रस्त्याच्या पदपथावर तासभर उभी राहा. चालणारे किती, गाड्यांवरचे किती, वहीत खुणा कर. मग टेपनं मोज, रस्त्याची किती फूट रुंदी कुणाला दिली आहे. दोन आकडे शेजारी-शेजारी लिही. आणि मे महिन्यात इकडे आलीस की आपण पाखाडीनं खाली जाऊ. आजीचे गुडघे दुखतात, त्यामुळे मध्ये चार वेळा थांबावं लागेल. तिथं थांबता येतं.